ट्रान्झिस्टर बदलले तरी आउटपुटला ३७ व्होल्टच: बेंच सप्लायमधला खरा चोर कसा पकडायचा

तू फोटोसकट पाठवलेला प्रश्न आधी माझ्या शब्दांत सांगतो, म्हणजे काही चुकलं तर कळेल. जुना लोकल बनावटीचा लिनियर सप्लाय, २ ते ३० व्होल्ट, २ अँपिअर. आत एलएम७२३, म्हणजे व्होल्टेज ताब्यात ठेवणारी आयसी, त्याच्या पुढे बीडी१३९ हा छोटा ड्रायव्हर ट्रान्झिस्टर, मागच्या हीटसिंकवर दोन २एन३०५५, म्हणजे सगळा करंट ज्यांच्यातून जातो ते मोठे पास ट्रान्झिस्टर. बाईकची १२ व्होल्टची बॅटरी चार्जिंगला लावली होती, मध्येच लाईट गेली, तासाभराने आली तेव्हा फ्यूज उडालेला, आणि नवीन फ्यूज टाकल्यापासून नॉब कुठेही फिरवला तरी आउटपुटला ३७ व्होल्ट. दोन्ही २एन३०५५ काढले, त्यातला एक शॉर्ट निघाला. नवीन जोडी टाकली तरी ३७, ती काढून अजून एक जोडी आणली तरी ३७च. आता तुला वाटतंय की दुकानदाराने डुप्लिकेट माल चिकटवला. डिप्लोमाला आहेस म्हणालास म्हणून अरेतुरे करतोय, राग मानू नकोस.

पहिलं म्हणजे ती काढलेली नवीन जोडी फेकली नसशील तर शोधून ठेव, माझ्या अंदाजाने ते दोन्ही ठणठणीत आहेत. पास ट्रान्झिस्टर म्हणजे हुकमाचा ताबेदार, त्याला मागचा जे सांगेल ते तो करतो. मागचा म्हणजे बीडी१३९ जर कलेक्टर-एमिटर शॉर्ट असेल तर २एन३०५५ चा बेस सरळ फिल्टर कंडेन्सरला, म्हणजे आतल्या कच्च्या ३७ व्होल्टला बांधल्यासारखा होतो, मग तू त्या जागी जगातला सगळ्यात ओरिजिनल ट्रान्झिस्टर बसव, आउटपुट वरच चिकटून राहणार. तीस वर्षांत माझ्याकडे आलेल्या अशा "दोनदा बदलला तरी तेच" वाल्या सप्लायमध्ये निम्म्याहून जास्त वेळा ड्रायव्हरच गेलेला होता. मेलेला २एन३०५५ मोठा असतो, डोळ्यासमोर असतो, दोन स्क्रू काढले की हातात येतो, म्हणून सगळे त्यालाच बदलतात. छोटा बीडी१३९ बिचारा पीसीबीच्या कोपऱ्यात, त्याच्याकडे कोण बघतंय.

आता उघडण्याआधी दोन गोष्टी, आणि या मी रोज स्वतः करतो. सिरीज बोर्ड बनव, म्हणजे ६० वॅटचा साधा पिवळा तारेचा बल्ब मेन्सच्या फेजमध्ये सिरीजला, त्याच्या पुढे सॉकेट. एलईडी बल्ब चालणार नाही, फिलामेंटचाच पाहिजे, आता सगळीकडे मिळत नाही पण पुण्यात तपकीर गल्लीत किंवा मुंबईत लॅमिंग्टन रोडला बघ, दोन-चार घेऊनच ठेव. सप्लाय चालू केल्यावर बल्ब एकदा झपकन लागून मंद झाला तर आत शॉर्ट नाही, लख्ख पेटूनच राहिला तर ब्रिज (एसीचं डीसी करणारे डायोड), कंडेन्सर किंवा ट्रान्सफॉर्मर यातलं काहीतरी गेलंय आणि तुझा फ्यूज वाचला. फ्यूजवरून आठवलं, जागेवर मूळ रेटिंगचाच टाकलायस ना? मला लोक सिगारेटच्या चांदीचा कागद गुंडाळलेले आणि तांब्याची तार ओढलेले फ्यूज आणून देतात आणि वर विचारतात ट्रान्सफॉर्मर कसा जळला.

दुसरी गोष्ट कंडेन्सर रिकामा करायची. ४७०० एमएफडीवर (मायक्रोफॅरडवर) ३७ व्होल्ट म्हणजे काही शॉक बसून मरणार नाहीस, पण स्क्रू ड्रायव्हरने शॉर्ट करायची सवय असेल तर सोड, ठिणगीने टोक खाल्लं जातं आणि कधी कधी कंडेन्सरच्या आतलं कनेक्शन तुटतं. १०० ओहम ५ वॅटचा रेझिस्टर दोन क्लिप लावून ठेव, तीन सेकंद धरला की खेळ खल्लास. २३० व्होल्ट फक्त स्विच, फ्यूज होल्डर आणि ट्रान्सफॉर्मरच्या प्रायमरीवर आहेत, तिथे स्लीव्ह नसेल तर आधी ती चढव. आणि हे सगळं लिनियर सप्लायपुरतं बरं का, एसएमपीएसवाला (स्विचिंगचा) बेंच सप्लाय असता तर प्रायमरीच्या कंडेन्सरवर ३२५ व्होल्ट डीसी असतात आणि तिथे मी तुला फोटो बघून हात घालायला सांगितलंच नसतं.

बरं, आता मूळ काम. हीटसिंककडे जाणाऱ्या बेसच्या वायरी पीसीबीवरून सोड, दोन्ही. सोडलेल्या वायरी आणि एमिटरची लाईन यांच्यामध्ये १०० ओहम टाक, म्हणजे बेस अधांतरी राहणार नाही. आउटपुटला १ के २ वॅटचा रेझिस्टर लाव, हे विसरू नकोस, कारण मल्टिमीटर इतका कमी करंट ओढतो की गरम ट्रान्झिस्टरच्या जराशा लीकेजवरसुद्धा तो दहा-वीस व्होल्ट दाखवतो आणि माणूस फसतो. बल्बमधून चालू कर. आउटपुट जवळपास शून्य आलं तर दोन्ही २एन३०५५ पास, दुकानदाराची मनातल्या मनात माफी माग. ३७ च आले तर ट्रान्झिस्टर खरंच शॉर्ट आहे.

शून्य आलं असं धरून पुढे जातो. बंद कर, कंडेन्सर रिकामा कर, बीडी१३९ पूर्ण बाहेर काढ. सर्किटमध्ये असताना मोजू नकोस, आजूबाजूचे रेझिस्टर रीडिंग बिघडवतात. छापलेली बाजू तुझ्याकडे आणि पाय खाली धरलेस तर डावीकडून एमिटर, कलेक्टर, बेस. डायोड रेंजवर लाल प्रोब बेसला, काळा आधी एमिटरला मग कलेक्टरला, दोन्हीकडे ०.६ ते ०.७ च्या आसपास यायला पाहिजे, उलटं केलं की काहीच नाही, आणि कलेक्टर-एमिटर कुठल्याच दिशेने काही दाखवता कामा नये. तुझ्याकडे तिथे मीटर शिट्टी मारेल असं मला वाटतंय. ८० व्होल्ट दीड अँपिअरचा आहे तो, स्वस्तातला माल, तोच टाक, उगाच पर्याय शोधत बसू नकोस.

बीडी१३९ चांगला निघाला तर मग ७२३ कडे वळायचं, आणि इथे आंधळेपणाने आयसी बदलायची नाही, मोजायचं. आयसी म्हातारी आहे, फेअरचाइल्ड कंपनीने १९६७ च्या सुमाराला काढलेली, पण तिच्याइतकी सरळ बोलणारी आयसी दुसरी नाही. १४ पायांची डीआयपी. ७ नंबर ग्राउंड धरून ६ नंबरला ७.१५ च्या जवळ व्होल्ट यायलाच पाहिजेत, तो तिचा रेफरन्स, तो नसेल तर १२ नंबरला सप्लाय येतोय का बघ, येत असेल तर आयसी गेली. रेफरन्स असेल तर ५ आणि ४ नंबर बघ. ५ वर ठरवलेला व्होल्टेज असतो, तुझ्या टाईपच्या सर्किटमध्ये साधारण २ व्होल्ट. ४ वर आउटपुटमधून वाटून आलेला हिस्सा. सप्लाय ताब्यात असेल तर हे दोन्ही पाय सारखे दिसतात. आता समज आउटपुट ३७ आहे आणि ४ नंबर ५ पेक्षा वर आहे, म्हणजे आयसीला कळतंय की व्होल्टेज जास्त झालंय, मग तिने १० नंबर खाली ओढायला पाहिजे. ओढत असेल तर ती निर्दोष, पुढचा कोणीतरी ऐकत नाहीये. ओढत नसेल तर आयसी गेली. आणि जर आउटपुट ३७ असताना ४ नंबर शून्यावर बसलेला असेल तर मजा वेगळीच आहे, आयसीला आउटपुट दिसतच नाहीये, ती बिचारी समजते व्होल्टेज कमी आहे आणि अजून जोर लावते. हा सगळा दोष नॉबमागच्या पॉटचा, म्हणजे फिरवायच्या रेझिस्टरचा. वायपर (आतला सरकता कॉन्टॅक्ट) उचललेला, ट्रॅक झिजलेला किंवा नुसती वायर तुटलेली. बाहेरून लक्षण अगदी शॉर्ट ट्रान्झिस्टरसारखं, म्हणून लोक हीटसिंक खोलतात. पॉटवर गंजाचा स्प्रे मारू नकोस, तेलकट थर राहतो, कॉन्टॅक्ट क्लीनर मार किंवा सरळ नवा टाक.

आता मला जे खरं सांगायचंय ते हे, की लाईट गेल्याने सप्लाय का गेला. नुसता पार्ट बदलून वापरलास तर पुढच्या वेळी लाईट जाईल तेव्हा परत हेच. बॅटरी जोडलेली आणि मेन्स गेली की फिल्टर कंडेन्सर हळूहळू रिकामा होतो, पण आउटपुटला बॅटरीचे १२ व्होल्ट तसेच उभे. म्हणजे ट्रान्झिस्टरचा एमिटर १२ वर आणि कलेक्टर-बेस खाली. २एन३०५५ चं बेस-एमिटर जंक्शन उलट्या दिशेने ७ व्होल्टच सहन करतं, बीडी१३९ चं ५. ते फुटतं आणि बॅटरी आपला करंट त्यातून उलटा आत ढकलते. कधी त्याच क्षणी मरतो, कधी नुसता अर्धमेला होतो आणि लाईट आल्यावर पूर्ण. तुझ्याकडे लाईट आल्यावर पास ट्रान्झिस्टर शॉर्ट होता म्हणून ३७ व्होल्ट सरळ बॅटरीत घुसायला निघाले आणि फ्यूज उडाला. बॅटरी वाचली का ते पण बघ.

उपाय दोन डायोडचा, १एन५४०८, जागा शोधायला पाच मिनिटं. एकाचा अॅनोड आउटपुटच्या प्लसला आणि पट्टीवाली बाजू फिल्टर कंडेन्सरच्या प्लसला, म्हणजे उलटा करंट ट्रान्झिस्टरला वळसा घालून कंडेन्सर भरेल. दुसरा थेट आउटपुट टर्मिनलवर उलटा, पट्टी प्लसकडे, कोणी बॅटरी उलटी लावली तर तो स्वतः शॉर्ट होतो आणि मागचं वाचवतो. तुझ्या सप्लायमध्ये हा दुसरा बहुतेक असेल, पहिला नसेल, लोकल बनावटीत तो हमखास वाचवलेला असतो, कंजुषी कुठे करायची याचं पण एक शास्त्र असावं.

सेन्स रेझिस्टर, म्हणजे ज्याच्यावरून आयसीला करंट कळतो तो, पण बघून घे. ७२३ चा करंट लिमिट २ आणि ३ नंबरच्या मध्ये साधारण ०.६५ व्होल्ट पडले की लागतो, म्हणजे २ अँपिअरसाठी ०.३३ ओहम, ५ वॅटचा पांढरा सिमेंटवाला. तो तडकलेला असेल तर आउटपुटच येणार नाही, आणि आधीच्या कोणी "करंट कमी पडतो" म्हणून त्यावर वायर मारली असेल तर लिमिट गायब. हसू नकोस, बघितलंय मी. दोन्ही एमिटरमधले ०.२२ ओहमवाले पण मोज, त्यातला एक ओपन असेल तर सगळा भार दुसऱ्या ट्रान्झिस्टरवर जातो.

आणि तो भार किती ते एकदा गणित करून बघच. लोडखाली फिल्टरवर ३३ व्होल्ट धर, आउटपुट शॉर्ट झालं, लिमिट २ अँपिअर, म्हणजे ६६ वॅट उष्णता ट्रान्झिस्टरमध्ये. दोघात वाटली तर ३३-३३, आरामात. एकट्यावर आली तर? २एन३०५५ वर ११५ वॅट लिहिलेत पण ते त्याची धातूची टोपी २५ डिग्रीला असताना, वर प्रत्येक डिग्रीला ०.६५७ वॅट कमी होतात. मे महिन्यात तो हीटसिंक धरवत नाही इतका तापतो, टोपी १०० डिग्रीला गेली तर उरले ६५-६६ वॅट. म्हणजे कागदावरसुद्धा तो अगदी काठावर, आणि अभ्रकाखाली पेस्ट नसेल तर काठाच्या पलीकडे.

अभ्रक म्हणजे ट्रान्झिस्टर आणि हीटसिंकच्या मधला तो पारदर्शक पापुद्रा. २एन३०५५ ची टोपीच कलेक्टर असते, त्यामुळे हा पापुद्रा फाटला की बॉडीत ३७ व्होल्ट. एका कॉलेजच्या लॅबमधून सप्लाय आला होता, माझ्या बेंचवर बरोबर चाले, परत नेला की फ्यूज. शेवटी ट्रान्झिस्टर खोलून अभ्रक उजेडासमोर धरला तर सुईच्या टोकाएवढं काळं भोक. हीटसिंकवर भोकाच्या कडेला ड्रिलने उठलेला अॅल्युमिनियमचा एक केस होता, बोट फिरवलं तर टोचला. थंड असताना टेकत नव्हता, गरम झाल्यावर टेकायचा, आणि त्यांच्या लॅबमध्ये मायनस टर्मिनल बॉडीला जोडून वापरायचे, माझ्याकडे नाही. म्हणून तू चार वेळा खोललंयस तर अभ्रक नवे टाक, कडा मोठ्या ड्रिलच्या टोकाने हाताने फिरवून साफ कर, दोन्ही बाजूंना पातळ पेस्ट, स्क्रूच्या बुशी नीट, आणि वायरी जोडायच्या आधी टोपी ते हीटसिंक मीटरवर ओपन आहे का ते बघ.

डुप्लिकेटबद्दल. असतात, खूप असतात. मी एक संशयाचा हॅकसॉने कापून बघितला होता, आत तांदळाच्या कणीएवढी चिप, शेजारी जुन्या काळातला कापला तर त्याची चिप कितीतरी मोठी. हातात घेतल्यावर पण हलका लागतो. असा माल डायोड टेस्टला बरोबर पास होतो, बिनलोडचं व्होल्टेजही नीट देतो, लोडवर दहा मिनिटांत जातो. तुझा फॉल्ट बिनलोडचाच आहे, म्हणून तुझ्या बाबतीत मी आधी त्याच्यावर संशय घेत नाही.

दुरुस्त झाल्यावर टेस्ट अशी कर. आधी बल्बमधून, नॉब पूर्ण खाली, मग हळूहळू वर, व्होल्टेज मागे मागे येतंय का. मग बल्ब काढ, सरळ मेन्स. ५ व्होल्टवर ठेवून मल्टिमीटर १० अँपिअर रेंजवर टाकून आउटपुट त्यातूनच शॉर्ट कर, दोन-तीन सेकंदच, दोनच्या आसपास रीडिंग आलं की लिमिट जिवंत. त्यानंतर बाईकच्या हेडलाईटचा ३५ वॅटचा बल्ब, १२ व्होल्टला तो २.९ अँपिअर मागतो, म्हणजे लिमिटला लागून व्होल्टेज खाली बसेल, बसू दे. तसाच अर्धा तास चालव, अधूनमधून दोन्ही टोप्यांना बोट लाव, एक गरम आणि एक गार असेल तर भार वाटला जात नाहीये, परत एमिटरचे रेझिस्टर बघ.

याच बरोबर रिपल, म्हणजे डीसीवर उरलेली लाट, बघून घे कारण सप्लाय जुना आहे. मीटर एसी रेंजवर लावून आउटपुटला काही मिलिव्होल्टच दिसायला पाहिजेत. पण स्वस्तातला पिवळा मीटर असेल तर तो एसी रेंजवर शुद्ध डीसीलाही दुपटीच्या आसपास आकडा दाखवतो आणि प्रोब उलटे केले की शून्य, तेव्हा प्रोबला सिरीजमध्ये १ एमएफडीचा साधा कंडेन्सर लाव. २ अँपिअरला चांगल्या ४७०० एमएफडीवर सुद्धा सव्वाचार व्होल्टची लाट असते, कंडेन्सर सुकून १००० वर आला तर लाटेचा तळ इतका खाली जातो की २० व्होल्टला पण आउटपुट गुरगुरतं. टोपण फुगलेलं दिसलं तर मोजत बसू नकोस, बदल, आणि ५० ऐवजी ६३ व्होल्टचा टाक.

हो, आणि ३७ व्होल्टवरून एक. ७२३ ची कमाल मर्यादा ४० आहे. तुझा ट्रान्सफॉर्मर बहुतेक २६ व्होल्टचा असणार, २३० ला तो ठीक, पण रात्री लाईन २५० ला गेली की बिनलोडचं व्होल्टेज चाळिशी गाठतं. तुमच्याकडे रात्री ट्यूब नेहमीपेक्षा उजळ दिसत असेल तर एकदा त्या वेळी फिल्टरवर मोज. ३९ च्या वर दिसले तर ७२३ च्या १२ नंबरच्या वाटेत ४७ ओहम आणि त्या पायावरून ग्राउंडला ३६ व्होल्ट ५ वॅटचा झेनर (व्होल्टेज वर जाऊ न देणारा डायोड) टाकून दे. १२ आणि ११ एकत्र असतील तर दोन्ही त्याच वाटेने ने. वरच्या टोकाला ३० व्होल्टवर पूर्ण २ अँपिअर थोडा बसेल, पण तो तसाही बसतोच, या सप्लायवर छापलेले दोन्ही आकडे एकदम कधीच मिळत नाहीत.

बॅटरी चार्ज करायचीच असेल तर वरचे दोन डायोड असले तरी प्लसच्या वायरीत अजून एक १एन५४०८ सिरीजला ठेव, मग लाईट जाऊ दे नाहीतर येऊ दे, बॅटरी मागे काही ढकलूच शकत नाही. व्होल्टेज मात्र सप्लायच्या टर्मिनलवर न बघता बॅटरीच्या टोकांवर मोजून लाव, करंट कमी होत जातो तसा डायोडचा ड्रॉपही घटतो आणि बॅटरीला थोडं जास्त मिळायला लागतं, तेव्हा शेवटी १४.४ च्या वर जाणार नाही असं बघ.

आज एवढंच कर, बेसच्या वायरी सोडून १ के लोडवर काय येतंय ते आणि बीडी१३९ चं रीडिंग, दोन्ही लिहून टाक. आणि ती काढलेली नवी जोडी पण मोज, मला उत्सुकता आहे.